साठ फुटावरचा थर

दहिवडी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर मामा-भाच्याची जुंपली होती.

“तेलाच्या कंपनीत जमिनीखालचं तेल वळखतोस म्हणं! आन् माज्या बोअरला टिपूस न्हाई. मेंढरं काय तुजी डिग्री पितील?”

“आवं मामा, साठ फुटावर ओला मुरूम लागला का न्हाई?”

“लागला की.”

“पाणी त्याच थरात हाय. तेलाचंबी तसंच. थर वळखायचा, आन् तिथंच पाईपला भोकं ठेवायची. तवा आत येतंय.”

“मग माज्यात का येईना?”

“तेच इचारतोय! मी कराडवरनं भोकाचा पाईप धाडला हुता, त्योच घातला न्हवं?”

“त्यो व्हय? दुकानदारानं येड्यात काढलं तुला! लय भांडलो त्याच्याशी. बदलून चांगला धडका आणला, एक भोक न्हाई त्याला.”