वाचनालयातला सव्वा तास

दि. ०९/१२/२०२४

बिलकीस बेगम भ्रतार शेख नासेर (मयत), वय ५४ वर्षे, व्यवसाय शिवणकाम, रा. जांभळवाडी, ता. वसमत, जि. हिंगोली.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. मुलगा जुबेर पुण्यात गाडी चालवतो.

मयत जळबा सोनाजी ढगे, वय ७६ वर्षे, हे निवृत्त शिक्षक होते. गावातील जुन्या दवाखान्याच्या खोलीत ते वाचनालय चालवत व दुपारी बायांना लिहायला-वाचायला शिकवत. चार वर्षांपूर्वी मी जुबेरचा मेसेज वाचून घ्यायला त्यांच्याकडे गेले होते. ते म्हणाले, "मी किती दिवस वाचून देऊ? तूच शीक." मी म्हणाले, "आता या वयात काहून, गुरुजी?" ते म्हणाले, "बस खाली." त्या वेळी आम्ही अकरा बाया होतो. सही यायला लागल्यावर बाकीच्या यायच्या थांबल्या. मला आता मेसेज वाचता येतात. जुबेरचे हल्ली येत नाहीत.

मोतीबिंदूमुळे गुरुजींना दोन वर्षांपासून अक्षर दिसत नव्हते. मी दररोज दुपारी दोन वाजता त्यांना पेपर वाचून दाखवत असे. चुकले की ते काठी फरशीवर आपटत.

आज दोन वाजता मी गेले तेव्हा दार उघडे होते. गुरुजी खुर्चीत बसलेले, अंगावर शाल, डोळे मिटलेले. ते नेहमी तसेच ऐकत, म्हणून मी वाचायला लागले. पहिल्या पानावर मी एक शब्द चुकले. काठी वाजली नाही. दुसऱ्या पानावर एक शब्द मुद्दाम चुकीचा वाचला. तरी वाजली नाही. मी त्यांच्या हाताला हात लावला. हात गार होता.

सरपंचांना मी सव्वातीन वाजता कळवले. उशीर का झाला असे विचारल्यावरून सांगते की, मी उरलेली पाने वाचत होते.

हवालदार हिरासिंग साहेबांनी विचारले, "माणूस गेलेला कळल्यावर कोणाला वाचून दाखवत होत्या, बाई?"

मी सांगितले, "त्यांनाच. पेपर अर्धा सोडलेला त्यांना चालत न्हाई, साहेब."

गुरुजींच्या अंगावर मार किंवा जखम दिसली नाही. माझा कोणावर संशय नाही. वाचनालयाची चावी मी सोबत आणली आहे. ती कोणाकडे द्यायची ते मला माहीत नाही.

साहेब जबाब वाचून दाखवत होते. मी नको म्हणाले. मी तो स्वतः वाचला आहे. माझ्या सांगण्याप्रमाणे बराबर आहे.

सही: बिलकीस बेगम