फ्रॉकच्या दुमडी

मी मूळची सांगलीची. आई घरीच शिवायची, माझ्या परकराच्या घेराला दुमडी घालायची, पोरगी उंच झाली की एकेक उसवायची. लग्न होऊन इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आले आणि कपडे आल्टर करता करता इथल्या एका छोट्या म्युझियमच्या स्टोअरमध्ये लागले, जुन्या कपड्यांची डागडुजी करायला. तिथं एक फ्रॉक आहे, एकोणिसाव्या शतकातला, कुणा आईनं आपलाच स्कर्ट कापून पोरीला घरी शिवलेला, आणि काय सांगू, घेराला अगदी तशाच दुमडी, तीन. एकही उसवलेली नाही. म्हणजे ते लेकरू वाढलंच नाही. आणि माझी लेक रूपाली तेव्हा गरोदर होती, आधीचं एक गेलेलं.

आपल्यात बाळ हातात येईस्तोवर काही शिवत नाहीत, मीही नाही शिवलं. पण त्या फ्रॉकवर हात ठेवून बोलून गेले, बाई, तुझ्या पोरीची राहिलेली वाढ माझ्या रूपालीच्या बाळाला दे.

नात झाली, ईरा. तिचा पहिला वाढदिवस झाला, सोमवारी फ्रॉकचा बॉक्स उघडते तर एक दुमड उसवलेली. बॉस म्हणाली, शैला, चाव्या तुझ्याकडं आणि माझ्याकडंच, असं करत जाऊ नकोस. पुढच्या वर्षी दुसरी. रूपाली हसली, आई, ओल्ड थ्रेड आहे, कुजतो. अहो, कुजलेला दोरा तुकड्यातुकड्यानं तुटतो, हा अख्खा निघाला होता, कुणी सुईनं ओढून काढल्यासारखा.

गेल्या महिन्यात तिसरी सुटली, आणि त्याच आठवड्यात ईराला ताप, उतरेचना. इथला डॉक्टर, जीपी, म्हणे व्हायरल आहे, पण मला माहीत होतं ना, मागितलं तेवढं संपलं, पुढं कापडच नाही.

म्युझियमच्या वस्तूला नवं कापड लावायचं नाही, हा नियम. म्हटलं, नोकरी गेली खड्ड्यात. लंचच्या वेळी दार लावून आईच्या लुगड्याची रुंद पट्टी घेराला जोडली, साधी, सरळ, एकही दुमड न घालता. म्हटलं, बाई, तुझं कापड संपलं, हे माझं घे, पण पोरीला वाढू दे.

काल बॉक्स उघडला. फ्रॉक परत आखूड झालेला. माझ्या पट्टीवर दुमडी घातलेल्या, एकीखाली एक, बारीक हाताचे टाके, माझे नव्हेत. किती ते मोजलं नाही मी, लेकराचं आयुष्य मोजू नये. हात जोडले आणि झाकण लावलं.

ईराचा ताप गेला. सकाळी रूपालीचा फोन, नर्सरीचे बूट घट्ट होतायत म्हणे. म्हटलं, होऊ देत गं बाई, होऊ देत.