घराखालचं पाणी

ओडील : क्लोविस! किती वेळ लोळणार आहेस घराखालच्या पोकळीत? पंप दोन दिवस बोंबलतोय आणि पाणी आहे तिथंच!

क्लोविस : तिथंच कुठं? दोन बोटं चढलंय.

ओडील : चढलंय? बाहेर कोरडं ठणठणीत ऊन पडलंय!

क्लोविस : लुइझियानात पाणी आभाळाला विचारून येत नाही. ते कपाटाखालचं झाकण उघड आणि टॉर्च दे खाली. इथं मासा आहे.

ओडील : काय आहे?

क्लोविस : मासा. मिशांचा. माझ्या कोपराला ढुशी मारून गेला.

ओडील : अकराला घर तपासणारा येतोय. घराचं गिऱ्हाईक त्याच्या शब्दावर अडलंय. त्याला काय सांगू, घरावर मासा फुकट?

क्लोविस : सांग की. लपवाछपवी नको.

ओडील : मागच्या पुरात शेजारच्या ब्रूसार्डांची खुराडी कोंबड्यांसकट वाहत गेली, तेव्हा आपल्या घराखाली धूळ उडत होती. थांब, मागं जाऊन बघते.

क्लोविस : नको! तुझे गुडघे... ओडील?

(ओडील अंगणात जाऊन परत येते.)

ओडील : बागेचा पाइप घराखाली गेलाय. नळ धो धो सोडलाय.

क्लोविस : असं का?

ओडील : इकडून उपसतोस आणि तिकडून ओततोस?

क्लोविस : पंप लावला नसता तर तुला संशय आला असता.

ओडील : आणि मासा?

क्लोविस : ओढ्यातला. नुसत्या पाण्याला हल्ली कुठलं गिऱ्हाईक भितंय?

ओडील : एकाहत्तर वर्षांचा घोडा झालास! घर विकून ह्यूस्टनला पोरीकडे जायचं तूच ठरवलंस ना? तिला फोन तूच केलास.

क्लोविस : तुझ्यासाठी केला. तुला पायऱ्या चढवत नाहीत, पोरीजवळ बरं वाटेल म्हणून.

ओडील : मला? अरे, तुझ्या छातीत दुखतं म्हणून मी मान डोलावली!

क्लोविस : म्हणजे तुलाही नाही जायचं?

ओडील : विचारलंस कधी?

क्लोविस : मग सरळ सांगू या पोरीला. नाही येत म्हणावं.

ओडील : तिनं आपली खोली रंगवून ठेवलीय. पडदे शिवलेत. कुठल्या तोंडानं सांगायचं?

क्लोविस : मग तो नळ बंद कर.

ओडील : फाटकात गाडी थांबली.

क्लोविस : आला? मी बाहेर येतो.

ओडील : पड तिथंच. त्याला आधी कॉफी देते, सावकाश पिऊ दे. तोवर चढेल आणखी चार बोटं.