डावीकडनं उजवीकडं

या वयात स्कूटी शिकले म्हणून हसताय व्हय? मग हे ऐका.

अश्विनीनं, माझ्या सुनेनं, मला शिकवलं. सरळ जायला आलं, डावीकडं वळायला आलं. उजवीकडं वळायचं म्हटलं की समोरनं येणाऱ्या गाड्या बघून मी ब्रेकच दाबून धरायचे. मग मी युक्ती काढली. चौक सरळ ओलांडायचा आणि पुढं तीनदा डावीकडं वळायचं. फिरून त्याच रस्त्याला लागतो की!

अश्विनीची एका शाळेत मुलाखत होती, नेमका तेव्हाच तिचा हात मुरगळलेला. रिक्षाही मिळेना. म्हणाली, "आत्या, तुमीच सोडा मला."

शुक्रवार पेठेतनं निघालो आणि निम्मं सोलापूर फिरून पोचलो. उशीर होत होता, पण मागं बसलेली पोरगी एकदाही "उजवीकडं घ्या" म्हणाली न्हाय. शिकवणारी अशी मिळायला नशीब लागतं.

बाहेर आली ती हसतच. आत तिला विचारलं होतं, "तुमची जमेची बाजू कुठली आणि कमजोरी कुठली?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, दोन्ही बाहेर स्कूटीवर बसल्यात. माझ्या सासूबाईंना उजवीकडं वळता येत नाही, तरी त्यांनीच मला इथं आणलं. मलापण सगळं येत नाही, पण मीपण अशीच वाट काढते."

माझे डोळेच भरून आले. "आणि नोकरी?"

"मिळाली! सोमवारपास्नं यायचंय. आता तरी उजवीकडं वळायला शिका, आत्या."

म्हटलं, "शिकते की. तोवर तू जरा लवकर आवरत जा."