समुद्रावरचा झगा

नाही मावशी, सैल नाही करायचा, आवळायचाय. हो, बरोबर ऐकलंत. माझ्या पोटाकडे नका बघू, ते मला दिसतंय, आता आरशात दुसरं काही दिसतच नाही. पण हा झगा आता माझ्यासाठी नाही. हा घ्या मापाचा कुर्ता, नणंदेचा आहे, तिला अगदी अंगाबरोबर बसतो. तिच्या मापाने दोन्ही बाजूंनी आत घ्यायचा, एवढंच. आणि जरा खिशात हात घाला हो आधी — आत लिंबाच्या गोळ्या असतील. असू द्या, इथेच ठेवा टेबलावर. घातला नाही हो मी तो कुठे. घरातच, कोणी नव्हतं तेव्हा, आरशासमोर जरा घालून फिरले होते, आणि गोळ्या टाकून बघितल्या खिशात, बसतात का ते. विमानात मळमळलं तर हाताशी असाव्यात म्हणून तर खिसे सांगितले होते तुम्हाला. आठवतंय ना? तुम्ही म्हणालात, झग्याला कशाला खिसे, आणि मी म्हटलं, असू द्या.

आता तिला जायचंय ना, म्हणून. परवाच निघतायत. मी नाही जात. डॉक्टरांनी नको म्हटलं — म्हणजे या दिवसांत विमान, समुद्र, परका देश, कोण हो म्हणेल? तुम्हीच सांगा. — राहू द्या, टाचण्या आहेत तोंडात, गिळाल. मीच बोलते. नाहीतरी घरी कोणाशी बोलणार, सगळे बॅगा भरतायत.

एवढं मन लावून ठरवलं होतं मी. आमच्या घरातल्या सहली तुम्हाला माहीत नाहीत मावशी. पहाटे उठायचं, बॅग भरायची, बसमध्ये बसायचं, उतरायचं, फोटो काढायचा, परत चढायचं. घरी आल्यावर त्या सहलीचा शीण घालवायला वेगळी सुट्टी घ्यावी लागते. मी म्हटलं, या वेळी नाही. या वेळी एकच बेट, एकच हॉटेल, एकच खोली, एकदा बॅग रिकामी केली की निघायच्या दिवशीच भरायची. खोली तळमजल्यावर, म्हणजे जिना नको. विमानात कडेची जागा, म्हणजे सारखं उठायला कोणाचे गुडघे ओलांडायला नकोत. पायांना घट्ट मोजे. जवळच चांगलं हॉस्पिटल आहे की नाही, तेही फोन करून विचारलं मी, त्या बाईचं बोलणं मला अर्धं कळलं नाही आणि माझं तिला, पण शेवटी म्हणाली, बाळंतपणं होतात आमच्याकडे, या तुम्ही. मी म्हटलं, अहो बाळंतपणाला नाही येत, आराम करायला येतेय. ती इतकी हसली. आणि समुद्राकाठी त्या लांब खुर्च्या असतात बघा, छत्रीखाली, पाय पसरून बसायच्या? त्यातली एक मी मनातल्या मनात माझी करून टाकली होती. फोटोत बघून. डावीकडची, झाडाजवळची.

काय? उंची? उंची राहू दे तेवढीच. नाही, थांबा, ती माझ्यापेक्षा उंच आहे, तिला तोकडाच होईल थोडा. चालेल. तिला तसाच आवडतो.

पहिल्यांदा फक्त आम्ही दोघंच जाणार होतो. मूल झाल्यावर कसली सुट्टी आणि कसलं काय, त्याआधी आठवडाभर दोघं, असं नवऱ्यानेच कबूल केलं होतं, मी नाही मागितलं. मग सासूबाई म्हणाल्या, तिच्याजवळ कोणी बाईमाणूस नको का, मी येते. बरं, या. मायेनेच म्हणाल्या असतील. तळमजल्याची माझी खोली दोघींची झाली आणि नवऱ्याला वरची, समुद्र दिसणारी, कारण म्हणे तिथे कामाचे फोन घेता येतात. तरी मी काही बोलले नाही. म्हटलं, दिवसभर तर खुर्चीतच असणार आपण, आणि शेजारच्या खुर्चीत तो.

आतलं कापड सोडाल ना मावशी थोडं? म्हणजे पुढेमागे उसवून परत सैल करता येईल, कोणाला लागलाच तर. — पातळ आहे, बाहेरून दिसेल? हो, अस्तर नको मीच म्हटलं होतं, गरम होईल म्हणून. बरं. मग कापा. पण आधी टाचण्या लावून बघा, घाई नाही मला. आज सगळा दिवस माझाच आहे.

डॉक्टरबाई चांगल्या आहेत हो. मागच्या खेपेला विचारलं तर म्हणाल्या, आत्ता जाऊन या खुशाल, पाणी पीत राहा, विमानात मधूनमधून चाला, पुढच्या महिन्यात मात्र विचारायला येऊ नका, तेव्हा नाहीच म्हणणार — काय झालं? हो, मघाशी मी डॉक्टरांनी नको म्हटलं असं म्हणाले. म्हणाले खरी. लोकांना सांगायला बरं पडतं ते. डॉक्टरांनी नको म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. तसं पुढे कोणी काही विचारत नाहीच म्हणा.

मीच म्हटलं नको. जेवताना विषय निघाला. सासूबाई म्हणाल्या, विमानतळावर हिला चाकांच्या खुर्चीतून न्यावं लागणार, मी कशी ढकलू, माझं मनगट हे असं. नणंद हसली, म्हणाली, वहिनीला सामानाच्या गाडीवर बसवा. मीही हसले. मग नवऱ्याने मान वर करून विचारलं, झेपेल ना गं तुला? एवढंच. चिडून नाही, काही नाही, मीठ दे म्हणावं तसं. आणि मावशी, माझ्या तोंडून गेलं — नाही झेपणार बहुतेक, तुम्हीच जा सगळे, माझं काय, मी घरी आराम करेन.

आता तुम्ही बाईमाणूस आहात. एखादी असं म्हणते तेव्हा तिला काय म्हणायचं असतं, ते सांगावं लागतं का? तिला ऐकायचं असतं की असं कसं, तुझ्यासाठी तर ठरवलंय सगळं, तूच नसलीस तर आम्ही जाऊन काय करायचं. मग आपण म्हणायचं, नको हो, माझ्यामुळे तुमचा विरस नको. मग त्यांनी म्हणायचं, गप्प बस, तू येतेयस. मग आपण यायचं. आमच्या माहेरी असंच चालतं. पाहुणा दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा ताट पुढे करतो. माझे वडील तर आई तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत जेवायला उठायचेच नाहीत, आणि आई म्हणायची, न कंटाळता, रोज.

इथे नाही तसं. आमच्याकडे सरळ बोलतात सगळे, नवऱ्याला केवढा अभिमान त्याचा. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. लग्नानंतर पहिला महिना मी अर्धपोटी झोपले हो. सासूबाई वाढायला आल्या की मी म्हणायची नको, पुरे, आणि त्या खरंच पुढे जायच्या. मी आपली भांड्याकडे बघत बसायची, आता परत येतील, मग येतील. शेवटी रात्रीची स्वयंपाकघरात उभ्याने खाताना नवऱ्याने पकडलं, तेव्हा पोट धरून हसला. म्हणाला, भूक आहे तर सांगायचं ना. चांगलाच आहे तो. वाईट नाही. पण भूक आहे म्हणून सांगावं लागलं, तर मग ते वाढणं कसलं? ती तर भीक झाली.

तेव्हाच अक्कल यायला हवी होती मला. नाही आली. परवा म्हणून बसले, तुम्हीच जा. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं ना, मला वाटलं, आता म्हणतील. सासूबाई म्हणाल्या, शहाणी आहे हो माझी सून, स्वतःहून कळलं तिला. आणि नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. बघितलं मी, मावशी. खांदे असे खाली आले त्याचे. म्हणाला, मलाही तेच वाटत होतं, पण तुला बोलायचं कसं. वाटत होतं म्हणे. कधीपासून वाटत होतं, ते नाही विचारलं मी. जेवणं उरकायच्या आत नणंद म्हणाली, मग दादा, तिच्या जागी मी येऊ का? झालं. हात धुवेपर्यंत ठरलंसुद्धा. कडेची जागा तिची, तळमजल्याची खोली तिची. खुर्ची डावीकडची. मी खरकटं काढत होते आणि ती विचारत होती, वहिनी, तो तुझा समुद्रावरचा झगा किती गोड आहे, आता तू नाही जात तर — आणि मी म्हटलं, घे की. परत तेच.

थांबा, फोन. — हॅलो. हो गं, मावशींकडेच आहे. खिसे? नको तुला? फुगलेले दिसतात, बरं, काढायला सांगते. नाही गं, मला कसला त्रास, बसलेय आरामात. दादाला म्हणावं माझं तिकीट संध्याकाळी रद्द करणार होतास ते — हो, विसरू नकोस म्हणावं. हो. ठेव. —

खिसे काढायचेत.

संध्याकाळी ऑफिसमधून आला की करणार आहे तो रद्द. म्हणजे अजून केलं नाहीये. आत्ताही मी फोन करून म्हटलं, येतेय मी, तर तो म्हणेल, बरं, ये. तेवढाच सरळ. कुरकुरणार नाही, नाही म्हणणार नाही. आणि विमानात शेजारी बसून दर तासाला विचारेल, बरं वाटतंय ना, बरं वाटतंय ना, आणि मला दर वेळी ते खाली आलेले खांदे आठवतील. मग त्या खुर्चीत बसून मी काय बघणार, समुद्र? मला कोणी तरी न्यायला हवंय हो. मी जायला नाही, मला न्यायला. हे सांगता येत नाही त्याला. सांगितलं तर नेईल, आणि सांगितल्यावर नेलं तर —

जाऊ द्या. आपण ही काय रड लावलीये. खडूची रेघ झाली का मारून? फारच आत आलीये नाही? नाही, तुम्ही माप लावूनच मारलीये, मला काय कळतंय. केवढा घेर होता नाही हो. चुण्या तर तुम्ही एकेक हाताने घातल्यात, मी बघत बसले होते इथेच, तुम्ही म्हणालात, बाई, शेवटचे दिवससुद्धा आरामात काढाल यात. तुमचाही जीव असेलच की अडकलेला त्यात. म्हणजे मी काय म्हणते, तुम्हाला जर वाटत असेल की नको, एवढा मनापासून शिवलेला कपडा कापवत नाही, तर मी काही आग्रह नाही करणार. मी आपली नेईन परत. सांगेन घरी, मावशींनी नाही म्हटलं. घालेन मीच मग. अजून संध्याकाळ व्हायचीये. पण माझं काही नाही हं. मला दोन्ही सारखंच आहे. कापायचा असेल तर कापा —

कापलात?

नाही, नाही. बरोबर केलंत. मीच म्हटलं ना, कापा. मघापासून तेच तर सांगतेय. एका दमात कापता हो तुम्ही, छान चालते कात्री.

दुसरी बाजूही करून टाका. पाणी नको, बसत नाही मी. नणंद येईल उद्या घ्यायला, तिच्याकडेच द्या. त्या गोळ्या तेवढ्या द्या इकडे.