कागदापुरती बंदूक

मुलगा : नुसती बंदूक द्यायची आहे, आई. बाकी काही मागत नाहीयेत ते.

आई : नुसती! केवढा हलका शब्द आहे रे. कोण कोण आलंय?

मुलगा : कप्तानकाका आणि त्यांची दोन्ही पोरं. फाटकाशी उभे आहेत. कालव्यापलीकडच्यांनी काल गोदाम पेटवलं, धूर तूही पाहिलास. गल्लीच्या रक्षणासाठी मागतायत.

आई : आणि ती घेऊन पाण्याच्या टाकीवर कोण चढणार?

मुलगा : ते बघतील त्यांचं ते.

आई : माझ्याकडे बघून सांग. कप्तान सायकलींची पंक्चरं काढतो. त्याच्या पोरांनी जन्मात बेचकीसुद्धा धरली नाही. या गल्लीत त्या बंदुकीने नेम धरणारे दोघंच, मी आणि तू. मला या गुडघ्यांनी कुणी टाकीवर चढवणार नाही.

मुलगा : मी हो म्हणालो नाहीये.

आई : नाही म्हणालास?

मुलगा : कसं म्हणू? तुझ्याकडे नेमबाजी शिकायला येणाऱ्या निम्म्या पोरी पलीकडच्या. ते आत्ताच टोमणे मारतायत. नाही म्हटलं तर उद्या आपल्याच खिडक्यांवर दगड येतील.

आई : बस जरा. ती बंदूक आधी माझ्या नेमबाजीच्या सरांची होती, ते तुला माहीत आहे.

मुलगा : आता सरांची गोष्ट नको गं!

आई : ही तू ऐकलेली नाहीस. सरांनी ती बंदूक तरुणपणी स्पर्धेत जिंकली, तेव्हाच ती म्हातारी होती. अक्रोडाचा दस्ता, मागे नेम धरायला बारीक भोकाची चकती. सर तिला असे जपायचे की त्यांची बायको तिला सवत म्हणायची. मी शिकायला लागले आणि दंगल झाली. अशीच. चार माणसं सरांच्या दारात आली. रक्षणासाठी हवी म्हणाली. सरांनी दिली.

मुलगा : मग?

आई : काही दिवसांनी परत आणून दिली, पुसून, तेल लावून. त्यांनी काही सांगितलं नाही, सरांनी विचारलं नाही. मैदान पुन्हा सुरू झालं आणि डिंक्या आलाच नाही.

मुलगा : डिंक्या कोण?

आई : आमचे निशाणाचे कागद बदलायचा. गोळ्यांची भोकं डिंकाने बुजवायचा, म्हणून डिंक्या. माझी गोळी मधोमध लागली की तिकडून टोपी उडवायचा. कालव्यापलीकडे राहायचा. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेला होता. एकच गोळी, लांबून. तेवढ्या लांबून मारणारी दुसरी बंदूक इथे नव्हती.

मुलगा : मारली कुणी?

आई : मैदानावर रोज माझ्याच शेजारी पालथा पडून नेम धरणाऱ्या एका पोराने. तुझ्याच वयाचा होता.

मुलगा : त्याला पकडलं?

आई : छे. लग्न झालं, दुकान टाकलं, मुलं झाली. पण डिंक्याची आई दिसली की दुकानातून मागच्या दाराने निघून जायचा. म्हातारा होईपर्यंत. सरांनी मग बंदुकीला हात लावला नाही. मला दिली आणि म्हणाले, कागदापुरतीच ठेव.

(दारावर थापा.)

मुलगा : आले! आई, देऊन टाकू. मी टाकीवर चढणार नाही, तुझी शपथ.

आई : मग बाहेरच्या कुणाला चढवतील. मागच्या खोलीत चल. तुझ्या टेबलावरच्या लोखंडी पकडीत, व्हाइसमध्येच अडकवली आहे.

मुलगा : अडकवली? ही खाच कसली? तू... तू कापत होतीस हिला?

आई : सकाळपासून घासतेय. मनगटं साथ देत नाहीत. तू धर करवत. पुढून नको, नळी पुढून कापली तरी गोळी सुटेल. काडतूस बसतं तिथेच काप. रिकामी आहे, बघितलंय मी.

मुलगा : आई, हिच्याशिवाय तू...

आई : काप.

मुलगा : बाहेर आवाज जातोय.

आई : जाऊ दे.

मुलगा : तू रडतेयस.

आई : माझं मी बघते. तुझा हात थांबवू नकोस.

कप्तान : वहिनी! काय घासताय आत? उघडा, नाहीतर दार मोडायला लावाल!

आई : आले, आले. या. बंदूक हवी होती ना? ही घ्या.

कप्तान : हे काय? दोन तुकडे? कुणी केला हा उद्योग?

आई : मी केला.

मुलगा : तिने नाही, काका. मी कापली.

कप्तान : तू? अरे, तुझ्या जिवावर सगळं ठरवलं होतं! आता लोकांना काय सांगू मी?

मुलगा : हेच सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

कप्तान : उद्या इथे काही झालं तर हाक मारू नकोस. गल्लीतलं एक माणूस येणार नाही.

मुलगा : कळलं.

कप्तान : चला रे.

मुलगा : गेले. आई, खिडक्या लावून घेऊ?

आई : घेऊ. आधी हात धू. डोळे चोळशील, लोखंडाचा कीस जाईल.