बाथरूम खाली आहे

आमचे पुण्याचे जावई लग्नानंतर पहिल्यांदा ग्वाल्हेरला आले, तेव्हाचं सांगते. आम्ही माधवगंजात वरच्या मजल्यावर राहतो. सकाळी मी त्यांना म्हटलं, "बाथरूम खाली आहे, आंघोळ करून घ्या." आता इकडे हिंदीसारखं आम्हीही रिकाम्याला खालीच म्हणतो. ते टॉवेल घेऊन सरळ जिना उतरले.

थोड्या वेळाने खालच्या गुप्ता भाभींची हाक आली, "आपके यहाँ पानी नहीं आया क्या? दामादजी हमारे यहाँ नहा लिए."

मी धावत गेले. जावई ओल्या केसांनी कचोरी खात बसले होते. मला म्हणाले, "आई, तुमच्या स्वयंपाकीणबाईंच्या हाताला चव आहे हं."

"क्या कह रहे हैं?" भाभींनी विचारलं.

मी म्हटलं, "आपकी तारीफ कर रहे हैं."